लोहाच्या थेंबांनी काळे पडलेले दुधाचे दात

ताई, आधी एक सांगते: बाळाचे दात काळे दिसले म्हणून घाबरून लोहाचे थेंब बंद करू नका. बाळाच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत जी काळी रेघ दिसतेय ती बहुतेक वरवरची आहे. लोह तोंडात रेंगाळलं की दातावरच्या थराला काळपट रंग चढतो. दात आतून खराब होत नाही. दंतवैद्य पॉलिश करून तो डाग काढतात. कीड वेगळी असते. तिथे दात मऊ पडतो, खड्डा पडतो, पुढे दुखतो. तसं वाटलं तर लगेच दाखवा, कारण सिरप गोड असतात आणि गोडाने कीड लागते.

खरा फरक पडतो तो देण्याच्या पद्धतीने. बाळाला मांडीवर थोडं उठतं धरा, ड्रॉपर गालाच्या आतल्या बाजूने मागे न्या आणि हळूहळू सोडा. पुढच्या दातांवर ओघळ येता कामा नये. घशात मात्र जोराने पिचकारी मारू नका, ठसका लागतो. नंतर दोन घोट पाणी, मग ओल्या सुती फडक्याने दात पुसा. रात्री तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट.

दुधासोबत देऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही. शी काळी झाली तर ते बहुतेक लोहामुळेच.

आशाताईंकडून मिळणारं सिरप ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली असतं, त्यात २० मिग्रॅ लोह. डॉक्टरांनी वेगळे थेंब दिले असतील तर दोन्ही चालू ठेवायचे का, ते त्यांनाच विचारा. आणि बाटली उंच फळीवर ठेवा. जास्त लोह पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं.