ब्लॅकपूलच्या जुन्या पार्कात राइडची उंची बघू नका, सीट बघा

तुमचा प्रश्न असा आहे, की मे महिन्यात फोंड्याहून इंग्लंडला बहिणीकडे चाललाय, मुलगा 13 वर्षांचा आणि मुलगी 8 ची, आणि ब्लॅकपूलचं प्लेझर बीच हे इतकं जुनं फॅमिली पार्क, तर मुलाला त्यात थरार मिळेल का आणि मुलगी घाबरली तर काय करायचं.

जा, नक्की जा. माझा भाऊ स्विंडनला असतो, आम्ही तिथून गाडीने गेलो होतो, चारेक तास लागले, बरोबर माझी आई, मुलगा आणि मुलगी. म्हणजे तुमच्यासारखीच मंडळी.

मी डिचोलीची. लहानपणी आमच्यासाठी थरार म्हणजे पौषातली म्हापशाची बोडगेश्वराची जत्रा आणि तिथला आकाशपाळणा. तुम्ही बसला असालच त्यात, फिरताना काही वाटत नाही, पण खालची माणसं उतरवायला तो थांबतो आणि नेमका आपला पाळणा सगळ्यात वर लटकत राहतो, खाली खाज्यांच्या दुकानांचे बल्ब दिसतात, पाळणा हळूहळू मागे-पुढे झुलतो आणि पोटात गोळा येतो. ती जी थांबण्यातली भीती आहे ना, तीच जुन्या पार्कांमध्ये भरभरून मिळते. नवीन राइड्स वेगाने घाबरवतात, जुन्या वाट बघायला लावून घाबरवतात, आणि मला तरी दुसरं जास्त आवडतं.

पार्क 1896 चं आहे. त्यातलं बिग डिपर हे लाकडी रोलर कोस्टर 1923 चं, म्हणजे शंभरी ओलांडली. गाडीला इंजिन नाही. साखळी ओढून एकदा टेकडीवर नेते आणि सोडून देते, पुढचं सगळं उतारावर. साखळीवर चढताना खालून टक टक टक टक असा मोठा आवाज येतो, आणि माझ्या मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली, म्हणाली आई काहीतरी तुटतंय. मी तिला सांगितलं, अगं तो आवाज म्हणजे गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेला खटका आहे, रुळालगतच्या दातांवर एकेक करत पडतो, साखळी सुटली तरी तो गाडीला धरून ठेवेल, आवाज येतोय म्हणजे सगळं ठीक आहे. मग ती चक्क टक टक मोजायला लागली, वर पोचेपर्यंत मोजत होती आणि वर गेल्यावर आवाज बंद झाला तेव्हा माझ्याकडे बघितलं तिने, तो चेहरा मी विसरणार नाही. खाली आल्यावर परत बसायचं म्हणाली. तुमच्या मुलीला हे आधीच सांगून ठेवा, फार उपयोग होतो.

आता सीटचं, जे कोणी सांगत नाही. पुढची सीट सगळ्यांना हवी असते पण जोराचा झटका मागच्या सीटवर असतो. कारण असं की गाडी टेकडीच्या माथ्यावरून उतरते तेव्हा पुढचा डबा माथा ओलांडून जवळजवळ लटकतो, मागचे डबे अजून चढतच असतात त्यामुळे वेग कमी असतो, आणि शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढच्या सगळ्यांचं वजन त्याला खेचत असतं, म्हणून तो माथ्यावरून अक्षरशः ओढला जातो आणि आपण सीटवरून उचलले जातो. मांडीवरचा बार तेव्हाच कळतो. आणि गाडी का उचलली जात नाही विचाराल तर रुळाच्या खालच्या बाजूनेही चाकं असतात, जॉन मिलर म्हणून अमेरिकन माणसाने 1919 साली त्याचं पेटंट घेतलं, त्यानंतरच असे खोल उतार बांधणं जमायला लागलं. तर मुलाला शेवटच्या डब्यात बसवा, मुलीला मधल्या. एकच राइड, पण दोघांना वेगवेगळी मिळते. पैसे तेवढेच.

माझी सगळ्यात लाडकी मात्र ग्रँड नॅशनल, 1935 ची, ही पण लाकडी. लिव्हरपूलजवळ एन्ट्री (Aintree) नावाच्या ठिकाणी याच नावाची घोड्यांची शर्यत होते, त्यावरून नाव. दोन गाड्या शेजारशेजारच्या रुळांवरून एकदमच सुटतात आणि शर्यत लागते. आम्ही मुद्दाम वाटणी केली, मी आणि मुलगी एका गाडीत, भाऊ आणि मुलगा दुसऱ्या, आणि दोन्ही गाड्यांतून एकमेकांवर ओरडणं चाललेलं. आम्ही जिंकलो. पण गंमत शेवटी कळते, आपण ज्या बाजूच्या प्लॅटफॉर्मवरून बसलो त्याच्या उलट बाजूला उतरतो! कारण ते दोन रूळ नाहीतच, एकच लांब रूळ आहे. घरी कागदाची पट्टी घ्या, अर्धा पीळ द्या, टोकं चिकटवा आणि पेनाने मधून रेघ ओढत जा, दोन्ही बाजूंवर फिरून रेघ सुरुवातीलाच येऊन मिळते, तसं. अशी लाकडी कोस्टर जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. माझ्या मुलाने संध्याकाळी हॉटेलवर टिश्यू पेपरची पट्टी करून आजीला दाखवलं.

द बिग वन तर मुलगा मागेलच, ती लांबूनच दिसते. 1994 ची, 213 फूट, उघडली तेव्हा जगातली सगळ्यात उंच रोलर कोस्टर राइड होती. वरून आयरिश समुद्र दिसतो, पहिला उतार जबरदस्त आहे, माझा भाऊ तर दिवसभर तेच बोलत होता. पण खरं सांगू, पहिल्या उतारानंतर मला ग्रँड नॅशनलइतकं धडधडलं नाही. ती सकाळीच उरकून घ्या, जोराचा वारा असला की बंद ठेवतात आणि समुद्राकाठी वारा कधी उठेल सांगता येत नाही.

मुलीसाठी आणि बरोबर कोणी वयस्कर असेल तर त्यांच्यासाठी फ्लाइंग मशीन आहे, 1904 पासून चालू. हायरम मॅक्झिम, मशीनगनवाला तोच, त्याला विमान बनवायचं होतं आणि त्या प्रयोगांना पैसे हवेत म्हणून त्याने हे बनवलं. वेग वाढला की लटकणाऱ्या गाड्या बाहेरच्या बाजूला वर वर जातात, एवढंच, पण आईला फार आवडलं. रिव्हर केव्ह्ज 1905 ची, होडीत बसून गुहांतून फिरायचं, पाय दुखत असतील तेव्हा बरं. आणि स्टीपलचेज म्हणून घोड्यावर बसायची राइड आहे, तीन घोडे शर्यतीत पळतात, ती चुकवू नका.

लाकडी राइड्स हादरे देतात, कमरेचा किंवा मानेचा त्रास असेल तर त्यांच्यात बसू नका, मी स्वतः तीन फेऱ्यांनंतर थांबले. उंचीची अट प्रत्येक राइडला वेगळी, त्यामुळे मुलीची उंची घरूनच मोजून वेबसाइटवर बघून ठेवा, गेटवर रडारड नको. मे महिना असला तरी जॅकेट हवंच, आपल्या मे महिन्याच्या हिशोबाने कपडे भरू नका. चष्म्याला दोरी बांधा.

आणि गेल्या गेल्या मुलीला बिग डिपरवर चढवू नका. आधी बाजूला उभं राहून दोन-तीन गाड्या जाताना बघू द्या, टक टक ऐकू द्या, उतरणाऱ्यांचे चेहरे बघू द्या. ती स्वतः चल म्हणाली की न्या.