नांदेड–मुंबई प्रवासात जास्त धास्ती कशाची, संपाची की पावसाची?

तुम्ही विचारलंय की नांदेडहून मुंबईला जाणाऱ्या तपोवन एक्स्प्रेसचं तिकीट हातात आहे, संपाचीही बातमी आहे आणि पाऊसही लागलाय, तर तिकीट ठेवावं का. तिकीट ठेवा, आणि लक्ष पावसाकडे द्या.

रेल्वे कर्मचाऱ्यांचा देशभर गाड्या थांबवणारा शेवटचा मोठा संप मे 1974 मधला, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालचा. 8 तारखेला सुरू झाला आणि 27 ला संपला. शिवाय कायद्याने किमान 14 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे संप अचानक येत नाही. आपल्याकडे बातमीत 'संप' म्हटलेलं बहुतेक वेळा रेल रोको निघतं. आणि संप एसटीचा असला (2021-22 चा आठवा) तर गाड्या चालू राहतात, फक्त जनरल डब्यात पाय ठेवायला जागा उरत नाही.

रेल रोकोत रूळ शाबूत असतो. आंदोलक बाजूला झाले की पहिली गाडी लगेच सुटू शकते. खरा गुंता त्यानंतर होतो. परभणी ते छत्रपती संभाजीनगर लाईन अजून एकेरी आहे, दुहेरीकरणाचं काम व्हायचंय. जालन्याला दोन तास गाडी अडली की सेलू, परतूरला गाड्या उभ्या राहतात, मग समोरासमोरच्या गाड्यांना स्टेशनात एकमेकींना वाट देत (क्रॉसिंग) एकेक करून सोडतात. तेवढ्यात लोको पायलटच्या ड्युटीचे तास संपले तर बदली माणूस येईपर्यंत पुन्हा थांबा. दोन तासांचे चार होतात ते असे.

पावसात रूळच जातो. रुळाखालून पाणी जाणाऱ्या मोरीत पाणी मावलं नाही की ते भरावावरून वाहतं, स्लीपरखालची खडी आणि माती नेतं आणि रूळ हवेत लोंबकळतो. मग दगड, वाळूची पोती, नवी खडी. त्यानंतर पहिली गाडी ताशी 10-20 किलोमीटरने काढतात आणि भराव बसेल तसा वेग वाढवतात. आपल्याकडची काळी माती इथे आणखी त्रास देते. ओली झाली की फुगते, खडी तिच्यात रुतते, चिखल वर येतो. म्हणून पाऊस उघडल्यावरही वेगमर्यादा कित्येक दिवस उठत नाही. आणि पूर कुठेच दिसत नसताना गाडी रखडली तर सिग्नलवर संशय घ्या. रुळांत पाणी साचलं की ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे की नाही ते सिग्नलला कळवणारी विजेची यंत्रणा) बिघडतं, सिग्नल लालच राहतो आणि एकेक गाडी कागदी परवानगीवर काढावी लागते.

पण मराठवाड्यातल्या प्रवाशाला बहुधा दुसरीकडचा पाऊस नडतो, हे लोक विसरतात. जुलै 2021 मध्ये कसारा घाटात दरडी कोसळून मुंबईची वाट बंद झाली होती. ऑगस्ट 2025 मध्ये तेलंगणात कामारेड्डीजवळ भराव वाहून गेला आणि निजामाबादमार्गे सिकंदराबादला जाणाऱ्या गाड्या रद्द झाल्या किंवा वळवल्या गेल्या. त्या दिवसांत नांदेडला ऊन पडलं असतं तरी फरक नव्हता: रेक, म्हणजे गाडीचे डबेच पलीकडून आले नाहीत, तर इथून सुटणार काय?

म्हणून आदल्या दिवशी आपल्या 17618 ची (नांदेड–मुंबई तपोवन) स्थिती बघण्याआधी मुंबईहून येणारी तपोवन, 17617, बघा. ती निघाली का, मनमाड ओलांडली का? सोबत कसारा, इगतपुरीचा पाऊस बघा. रेल्वेच्या '139' या हेल्पलाइनवर विचारताना 'अंशतः रद्द आहे का' हे मुद्दाम विचारा, कारण अशा दिवसांत गाडी नाशिक रोड किंवा इगतपुरीलाच संपवतात आणि पुढची सोय आपली आपण करावी लागते.

पैशांचं म्हणाल, तर रेल्वेने गाडी पूर्ण रद्द केली की ई-तिकिटाचे सगळे पैसे आपोआप परत येतात. खिडकीवरचं तिकीट मात्र खिडकीवरच न्यावं लागतं. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचं नसेल, तर ती तुमच्या स्टेशनातून प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्यासाठीचा अर्ज, भरा. सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते घाईने: रद्द झाल्याची घोषणा व्हायच्या आधीच स्वतः तिकीट रद्द केलं, तर कपात नेहमीसारखीच होते.