थॅलेसेमिया मायनरच्या पेशी पातळ सलाईनमध्ये फुटत का नाहीत?

बडोद्याच्या तपासणी शिबिरात तुम्ही पाहिलंत की ०.३६ टक्के सलाईनमध्ये बाकीच्यांच्या तांबड्या पेशी फुटल्या, मायनरवाल्यांच्या, म्हणजे स्वतः आजारी नसून थॅलेसेमियाचं जनुक बाळगणाऱ्यांच्या, बऱ्याच टिकल्या. मग त्यांच्या पेशींभोवतीचं पटल जास्त मजबूत असतं का, असं विचारलंत.

नाही. मजबुतीचा इथे फारसा संबंधच येत नाही. फुगायला जागा किती, यावर सगळं ठरतं.

नेहमीच्या तांबड्या पेशीचा पृष्ठभाग साधारण १३५ चौरस मायक्रोमीटर आणि आकारमान ९० घन मायक्रोमीटर. तेवढ्याच पृष्ठभागाचा पूर्ण गोळा केला, तर त्यात १५० च्या आसपास मावतं. ही शिल्लक आहे तोवर पाणी आत शिरतं, चपटी पेशी गोल होत जाते, पण पटलावर ताण जवळजवळ येत नाही. अर्धं भरलेलं पोतं कसंही दाबता येतं, गच्च भरलं की तेच टणक लागतं. कापड मात्र बदललेलं नसतं. फुगलेली पेशी 'कडक झाली' असं मोजमापात दिसतं, त्यातही बराचसा वाटा या ताणाचाच असतो.

गोळा पूर्ण झाला की गाठ मेदाच्या दुपदरी पटलाशी पडते. ते वाकतं सहज, पण ताणलं जात नाही. क्षेत्रफळ तीन-चार टक्के वाढलं की फाटतं. त्या वेळचा ताण मीटरला १० मिलिन्यूटनच्या आसपास धरा. दाब म्हणजे ताणाची दुप्पट भागिले त्रिज्या, ३.३ मायक्रोमीटर त्रिज्येला तो येतो ६ किलोपास्कल. मिलिऑस्मोल हे द्रावात विरघळलेल्या कणांच्या प्रमाणाचं माप; आत-बाहेर एका मिलिऑस्मोलच्या फरकाने अडीच किलोपास्कल दाब पडतो. म्हणजे पटल स्वतःच्या बळावर जेमतेम दोन-अडीच मिलिऑस्मोल पेलतं, आणि तुमचं सलाईन रक्तापेक्षा दीडशेहून अधिक मिलिऑस्मोलने पातळ! पटल दुप्पट मजबूत केलं तरी काय फरक पडणार?

मायनरच्या पेशी लहान आणि चपट्या असतात, आतला ऐवज कमी, त्या मानाने पृष्ठभाग जास्त. म्हणून गोल व्हायला त्यांच्यात त्या मानाने जास्त पाणी शिरावं लागतं. आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या गोल पेशींच्या आजारात नेमकं उलटं: पटलाचे तुकडे गळून पृष्ठभाग घटतो, पेशी आधीच गोलसर होते आणि नेहमीच्या पेशीपेक्षा कमी पातळ सलाईनमध्येच फुटू लागते.

नळीमागे काळी रेघ धरून बघताना (पेशी फुटल्या तर रेघ स्पष्ट दिसते, टिकल्या तर धूसर) एक ध्यानात ठेवा. लोह कमी असलेल्यांच्या पेशीही लहान-चपट्या असतात, त्यामुळे त्यांच्याही नळीत रेघ धूसर दिसू शकते. नुसत्या नळीवरून कुणालाही 'मायनर' म्हणू नका. एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीत हिमोग्लोबिन ए२ हा प्रकार किती आहे ते बघायलाच हवं, आणि लग्न ठरायच्या आधी बघितलेलं उत्तम.