मूत्रपिंडाच्या पेशींवरचा ताण आणि बाराशे रुपयांचा डबा

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे वय ६७ असून त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. लघवीला फेस येतो म्हणून तपासणी केली, तेव्हा क्रिएटिनिन ०.९ आले, पण लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ९६ निघाले. तलावपाळीला सकाळी फिरायला येणाऱ्या त्यांच्या मित्रांनी ‘साखरेने किडनीच्या पेशी गंजतात’ असे सांगून अँटिऑक्सिडंट कॅप्सूलचा बाराशे रुपयांचा डबा आणून दिला आहे. पेशी गंजतात म्हणजे नेमके काय होते आणि या कॅप्सूलचा उपयोग होईल का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ‘गंजणे’ हा शब्द अगदीच चुकीचा नाही. फरक इतकाच की लोखंडाला गंज बाहेरून लागतो आणि पेशीत तो आतून सुरू होतो. डब्यातल्या कॅप्सूलची अडचण याच फरकात आहे.

स्नायूंच्या पेशींना साखर आत घेण्यासाठी इन्सुलिन लागते. मूत्रपिंडाच्या गाळणीतील केशवाहिन्यांचे अस्तर आणि त्यांना आधार देणाऱ्या मेसँजियल पेशी यांचे तसे नाही. रक्तातील साखर वाढली की ती या पेशींतही शिरते आणि दार ओढून घेण्याची सोय त्यांच्याकडे फारशी नसते. या साखरेपासून निघालेले इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे शाळेच्या पुस्तकातील तंतुकणिकेत, एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सोपवले जात अखेर ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात आणि पाणी तयार होते. सकाळी ठाणे स्थानकाच्या पुलावरची गर्दी सरकायच्या आत दुसरी लोकल रिकामी झाली की माणसे मिळेल त्या जिन्याने उतरू लागतात, तसेच इलेक्ट्रॉनांचे होते. काही मध्येच निसटून ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड हा उपद्रवी रेणू तयार होतो. मधुमेहातील बऱ्याच गुंतागुंतींचे मूळ येथे आहे, अशी मांडणी मधुमेहाचे संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये केली. पुढे नॉक्स-४ या विकराचाही यातला वाटा दिसून आला, त्यामुळे सगळा दोष एकट्या मायटोकॉन्ड्रियाच्या माथी मारता येत नाही.

सुपरऑक्साइड रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड संपवतो, गाळणीत व्रणासारखी जाड ऊती साठण्यास हातभार लावतो आणि पोडोसाइट या गाळणीच्या जाळीवरील पेशींना इजा करतो. पोडोसाइट गेल्या की त्यांच्या जागी नव्या जवळजवळ येत नाहीत. मग अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन लघवीत गळू लागते, आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, बराच काळ चांगले दिसत राहते. तुमच्या सासऱ्यांच्या अहवालात हेच चित्र दिसते.

आता कॅप्सूलविषयी. इतके सगळे ऑक्सिडीकरणामुळे होत असेल, तर अँटिऑक्सिडंट दिल्याने ते थांबायला हवे, हा तर्क डॉक्टरांनाही पटला होता. प्रत्यक्षात तो फसला. होप या मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्वाने मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडाचे रक्षण झाले नाही. पेशीची स्वतःची संरक्षणयंत्रणा चेतवणाऱ्या बार्डोक्सोलोन या औषधाची चाचणी हृदयविकाराच्या घटना वाढल्याने २०१२ मध्ये थांबवावी लागली. डब्यावर क जीवनसत्त्वाचे प्रमाण मोठे असेल तर आणखी जपावे, कारण त्याचे शरीरात ऑक्झलेट होते, ते मूत्रपिंडात साचू शकते, शिवाय काही ग्लुकोमीटरवर साखर खोटी वाढलेली दिसते.

गुण येतो तो पेशीवरचा भार कमी करणाऱ्या औषधांनी. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडातही रोज सुमारे १८० ग्रॅम साखर गाळली जाते आणि नलिकांच्या पेशी राबून ती परत रक्तात ओढतात. साखर परत ओढणाऱ्या प्रथिनाला अडवणाऱ्या एसजीएलटी-२ रोधक गोळ्या हे काम हलके करतात व गाळणीतील दाबही उतरवतात. २०१९ आणि २०२० मधील मोठ्या चाचण्यांत त्यांनी मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावल्याचे दिसले. लोसार्टनसारखी रक्तदाबाची औषधे तर त्याआधीपासून वापरात आहेत. यांपैकी काही चालू आहे का, हे डॉक्टरांना विचारावे आणि नसल्यास कारणही विचारावे.

त्याआधी गुणोत्तर पुन्हा तपासावे. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनीही ते वाढते, म्हणून तीन ते सहा महिन्यांतील तीनपैकी दोन नमुने ३० च्या वर आले तरच निदान पक्के मानतात. गुडघेदुखीसाठी ते परस्पर वेदनाशामक गोळ्या घेत असतील तर त्या आजच बंद कराव्यात. डबा परत करता आला तर उत्तम. आवळा जरूर खावा. मोरावळा मात्र पाकात मुरलेला असतो, तो नको.