ओळखीचं कुणी भेटलं तर?

"मॅडम, मीटिंगमध्ये शिरलो आणि ऑफिसातलाच कुणी दिसला तर?" दारू सोडू पाहणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. त्यातल्याच एका गृहस्थांची ही गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय पंचेचाळीसच्या आसपास, रोज संध्याकाळी क्वार्टर ठरलेली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी दारू थांबवली होती. हे मुद्दाम लिहिते, कारण रोज पिणाऱ्याने आपल्या मनाने एकदम सोडली तर फिट येणं, भ्रम होणं असं जिवावर बेतू शकतं.

एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटांच्या, ऑनलाइन मीटिंगांची यादी मीच त्यांना दाखवली होती. तीन आठवडे ते रात्री ती यादी नुसती चाळत राहिले. वार, वेळ, भाषा, ओपन की क्लोज्ड. आत मात्र एकदाही गेले नाहीत. "योग्य ती सापडली की जातो," म्हणायचे. त्यांची भीती मला खोटी वाटली नाही. ओपन मीटिंगला कुणीही येऊन ऐकू शकतं. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना पिणं थांबवायचंय त्यांचीच. तिथे ऑफिसातला कुणी भेटलाच, तर तोही त्याच दुखण्यासाठी आलेला असणार. फक्त पहिलं नाव लावायचं, आडनाव नाही, कॅमेरा बंद ठेवायचा, बोलायची सक्ती नाही, फी नाही. एवढं सांगून मी विचारलं, "तुम्हाला तलफ किती वाजता येते?"

"सात. ऑफिस सुटलं की."

"मग सातचीच मीटिंग शोधा. बाकी काही बघू नका."

तरी त्यांनी आधी न्यूयॉर्कची निवडली. तिथले रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले पहाटेचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. ओळखीचं कुणी भेटण्याची शक्यताच नको! चार दिवस गेले. मग म्हणाले, "आईची शपथ मोडली, हे इंग्रजीत सांगताच येत नाही हो." आणि संध्याकाळचे सात तसेच मोकळे राहत होते.

पाचव्या दिवशी त्यांनी सातची मराठी मीटिंग धरली. रोज तीच. मधे एकदा प्यायले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्यांच्या पत्नीलाही मी अल-ॲनॉनची यादी दिली; ते गट घरच्यांसाठी असतात, आणि घरच्यांचं सोसणं आपण फार उशिरा विचारात घेतो.

दोन महिन्यांनी आले तेव्हा खुर्चीत बसायच्या आतच सांगायला लागले. आदल्या दिवशी ट्रॅफिकमुळे दहा मिनिटं उशीर झाला होता. कॅमेरा नेहमीसारखा बंदच. नुसता "नमस्कार" म्हणाले, तर तिकडून कुणीतरी म्हणालं, "आलात का? वाट बघत होतो."

हे त्यांनी मला त्याच भेटीत दोनदा सांगितलं.