काळ्या जमिनीवर उभ्या केलेल्या पॉलिहाऊसमध्ये गादीवाफे कसे करावेत?

तुम्ही लिहिलंय की इंदापूरकडे तुमचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभं राहिलंय, जमीन भारी काळी आहे, पाणी बोअरचं आहे, आणि ढोबळी मिरचीची रोपं एप्रिलअखेरीची सांगून ठेवलीत. गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेले मातीचे वाफे, किती उंच, किती रुंद ठेवायचे आणि आहे त्याच मातीचे ओढले तर चालतील का, हे तुम्हाला हवंय.

सगळ्यात आधी नर्सरीला फोन करा आणि रोपांची तारीख जूनअखेरीवर न्या. मार्च संपत आलाय. एका महिन्यात माती आणून, मिसळून, वाफे ओढून, निर्जंतुक करून रोपं लावणं होत नाही. होतं असं वाटतं, आणि मग त्याची किंमत पुढचे आठ-दहा महिने मोजावी लागते.

हे मी अनुभवावरून सांगतोय. मी मावळातला. तळेगाव दाभाड्याला प्रशिक्षण घेतलं आणि पहिल्या वर्षी जरबेरा (फुलपीक) लावला. स्ट्रक्चर उभं व्हायला उशीर झाला, रोपांची तारीख ठरलेली होती, आणि माती आली ती जुलैच्या पावसात भिजलेली. वाफसा, म्हणजे ना फार ओली ना फार कोरडी अशी काम करण्याजोगी स्थिती, नव्हता. तरी ट्रॅक्टर घातला, शेणखत मिसळलं, वाफे ओढले. दिसायला सुरेख झाले होते. पंधरा दिवसांनी पाहारीचं टोक आत जाईना, इतकी माती बसली होती. ड्रिपचं पाणी वरच्या चार बोटांत साचायचं आणि बाजूने ओघळायचं. झाडं बुडखात कुजायला लागली. वर्षभरात एक तृतीयांश झाडं गेली, आणि जी राहिली तीही कधी अंगात आली नाहीत. जरबेरा तीन वर्षं त्याच वाफ्यावर असतो, म्हणजे खालची माती दुरुस्त करायची संधीच मिळत नाही. औषधांवर खर्च केला तो सगळा वाया. दोष मातीत हवा नसण्याचा होता, आणि तो माझ्या घाईतून आला होता.

आता तुमच्या काळ्या मातीबद्दल. ती पाण्याने फुगते, सुकली की भेगाळते, आणि भरपूर पाणी दिलं की आतली हवा संपते. शिवाय तुमच्या भागात चुनखडी असते, सामू (पीएच) आठच्या आसपास जातो, आणि मग लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, हे तुम्ही उसातही पाहिलं असेल. बाहेरच्या शेतात पावसाळ्यात क्षार थोडे तरी धुऊन जातात. पॉलिहाऊसवर छप्पर आहे. तिथे बोअरच्या पाण्यातला क्षार आणि तुम्ही ड्रिपमधून दिलेल्या खतातला उरलेला क्षार, दोन्ही साठत जातात. ते धुऊन काढायचे तर पाणी वाफ्यातून खाली उतरायला हवं, आणि भारी काळ्या मातीत ते उतरत नाही. म्हणून नुसत्या काळ्या मातीचे वाफे ओढू नका.

त्याआधी तीन नमुने तपासून घ्या: पॉलिहाऊसमधली जमीन, जी माती आणणार आहात ती, आणि बोअरचं पाणी. बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळ आहे. सामू, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) आणि मुक्त चुनखडी, हे तीन आकडे नक्की मागा. वाफ्यातल्या मातीचा सामू ६ ते ७ आणि ईसी १ च्या खाली हवा. मुक्त चुनखडी दहा टक्क्यांवर असेल तर ती माती मी वाफ्यात घेणारच नाही.

आणायची ती तांबडी, निचऱ्याची माती. ती भाजीच्या शेतातून उचललेली नको, कारण सूत्रकृमी (मुळांवर गाठी करणारे सूक्ष्म कृमी) तिथूनच येतात आणि एकदा आत आले की जात नाहीत. माती विकणारा "पडीक रानातली आहे" म्हणतोच. मी आता चार कुंड्यांत ती माती भरून काकडीचं बी टोकतो, पाच-सहा आठवड्यांनी रोपं अलगद उपटून मुळं धुऊन बघतो. मुळांवर गाठी दिसल्या तर ती माती घेत नाही. यंदा तुमच्याकडे एवढा वेळ नाही, तर निदान मातीचा नमुना सूत्रकृमींसाठी तपासून घ्या. माती वाहून आणताना रॉयल्टीची (माती उचलण्यासाठी सरकारला भरलेल्या शुल्काची) पावती गाडीवाल्याकडे आहे ना, तेही बघा.

मिश्रणात दहा भागांपैकी सात भाग माती, दोन भाग शेणखत आणि एक भाग भाताचं तूस. तूस म्हणजे वरचं टरफल, कोंडा नव्हे. कोंडा मातीत तापतो आणि सडतो. तुसात सिलिका असल्याने ते सावकाश कुजतं, आणि तोवर मातीत हवेला वाट राहते. भाताच्या गिरण्या तुमच्याकडे नाहीत, मुळशी, भोर, मावळाकडून मागवावं लागेल. ज्या गाडीने तांबडी माती येणार तिच्याच एखाद्या खेपेला तूस टाकून आणलं तर भाडं वाचतं. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं: हातात घेतल्यावर गार, भुसभुशीत, वास नसलेलं. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि ते वाफ्यात गेल्यावर पुन्हा तापतं. कोंबडीखत स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, त्याने ईसी एकदम चढतो.

किती लागेल याचा हिशेब मांडून देतो. दहा गुंठ्यांचं आपल्याकडचं नेहमीचं माप २८ बाय ३६ मीटर, म्हणजे १,००८ चौरस मीटर. त्यात ८ मीटर रुंदीचे तीन गाळे (खांबांच्या दोन रांगांमधली जागा म्हणजे एक गाळा), खांब दर ४ मीटरवर, आणि चहूबाजूंनी २ मीटरची पट्टी. तुमचं वेगळं असेल तर टेपने मोजून हाच हिशेब पुन्हा करा. वाफा वर ९० सेंटिमीटर, बुडाला १ मीटर, उंची ४० सेंटिमीटर, आणि दोन वाफ्यांमधली वाट जमिनीवर ६० सेंटिमीटर. म्हणजे एका वाफ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १.६ मीटर. हा आकडा मी मुद्दाम धरतो, कारण ८ मीटरच्या गाळ्यात तो बरोबर पाच वेळा बसतो. मग खांबांची प्रत्येक रांग वाफ्याच्या मधोमध येते आणि वाट मोकळी राहते. दीड मीटर धरलं की खांब कुठे वाटेत, कुठे वाफ्याच्या कडेला येतात, आणि माल भरलेलं क्रेट घेऊन जाणाऱ्या बाईला प्रत्येक खांबाशी आडवं व्हावं लागतं. क्रेट साधारण ५४ सेंटिमीटर लांब असतं, वाट ६० ची का हवी ते त्यावरून कळेल. वाफ्यातल्या खांबाचा जो भाग मातीत जाणार त्याला आधी डांबरी रंग द्या. ओलसर, खत मिसळलेली माती जस्ताचा मुलामा खाते.

असे १६ वाफे बसतात, प्रत्येकी ३२ मीटर लांब. दिशा छपराच्या गटारांचीच (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळींची), म्हणजे उत्तर-दक्षिण ठेवा, त्यामुळे एका रांगेची सावली दुसरीवर दिवसभर राहत नाही. एका वाफ्याला १२ घनमीटरच्या थोडं वर मिश्रण, सोळांना सुमारे १९५ घनमीटर. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. एकूण ६९ ब्रास: ४८ माती, १४ शेणखत, ७ तूस. मिश्रण पाणी पडल्यावर बसतं, म्हणून मी या आकड्यांवर आणखी पाचव्या हिश्शाएवढं जास्त धरतो. ट्रॉलीवाला एक ब्रास म्हणेल, पण ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची स्वतः मोजल्याशिवाय पैसे ठरवू नका.

एप्रिलमध्ये माती कोरडी असते, हेच तुमच्या बाजूने आहे. आधी खालची काळी जमीन नांगरून ढेकळं फोडा आणि तिला एका टोकाकडे हलका उतार द्या. त्या टोकाला बाहेर चर काढा, वाफ्याच्या बुडापेक्षा खोल. बरेच जण काळ्या जमिनीवर खडीचा थर देऊन वर माती टाकतात. निचरा होईल असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तट्ट झाल्यावरच उतरतं. म्हणजे मुळांच्या जागीच पाणी धरून ठेवल्यासारखं होतं. खडीचे पैसे चर नीट काढण्यात घाला.

मिश्रण वाफ्याच्या जागी ढीग करून नाही, एका मोकळ्या जागेत थर देऊन दोनदा उलटून करा. निंबोळी पेंड याच वेळी मिसळा. मूठभर मिश्रण दाबून गोळा करा आणि बोटाने टिचकी मारा. फुटला तर वाफसा आहे. चिकटून राहिला तर त्या दिवशी काम थांबवा. मग खुंट्या ठोका, दोरी ताणा, फक्की मारा आणि वाफे भरा. भरताना वाफ्यावर कुणी चढायचं नाही, पहिल्या दिवसापासून नाही. बाजू फावड्याच्या पाठीने थोपटा, वरचा पृष्ठभाग मात्र थोपटू नका.

आमच्याकडे वाफे ओढायला एक मावशी येतात, त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकलो. त्या वाफ्याचा माथा दाताळ्याने न ओढता एका लांब सरळ फळीने, दोन्ही कडांना धरून, मागे मागे सरकत ओढतात. माथा पाटासारखा सपाट येतो. मधे फुगवटा राहिला तर ड्रिपचं पाणी कडांवरून वाहून जातं, मधे खोलगट राहिला तर तिथलीच झाडं आधी कुजतात. वाफ्याच्या लांबीची पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासा.

मग फवाऱ्याने दोन-तीन वेळा चांगलं पाणी देऊन वाफे बसू द्या. जिथे खचतील तिथे उरलेलं मिश्रण घालून पुन्हा फळी फिरवा. हे झाल्यावर वाफे ओले असतानाच पारदर्शक प्लास्टिक अंथरा, २५ ते ५० मायक्रॉनचं, आणि कडा मातीने गच्च दाबा. काळं प्लास्टिक नको, त्याने ऊन मातीपर्यंत पोचत नाही. मे महिना पूर्ण, चार ते सहा आठवडे, पडदे बंद ठेवून तसंच राहू द्या, म्हणजे उन्हाने तापून माती निर्जंतुक होते. इंदापूरचं मेचं ऊन फुकट मिळतंय. माती निर्जंतुक करायला फॉर्मेलिन हे रसायन वापरण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मी ते एकदा वापरलं, मजुरांच्या डोळ्यांतून पाणी थांबेना, पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. प्लास्टिक काढल्यावर माती खोल उकरू नका, नाहीतर खालची न तापलेली माती वर येते. म्हणून वाफे आधी, प्लास्टिक नंतर. ट्रायकोडर्मा (रोगांना रोखणारी उपयोगी बुरशी) प्लास्टिक काढून माती गार झाल्यावर, शेणखतात वाढवून द्या. आधी दिला तर तोही उन्हात मरतो.

गटारांचं पाणी मात्र वाया घालवू नका. ५०० मिलिमीटर पाऊस धरला तरी तुमच्या छपरावरून पाच लाख लिटर पाणी उतरतं, आणि त्यात क्षार जवळपास नसतात. बोअरच्या पाण्याचा ईसी जास्त आला तर शेततळ्याला अस्तर टाकून हे पाणी साठवा, बोअरमध्ये मिसळून वापरा, आणि अधूनमधून फक्त त्याच पाण्याने वाफे धुऊन काढा. वाफ्याच्या कडांवर पांढरी खपली दिसली की धुण्याची वेळ झाली असं समजा.

ड्रिपच्या दोन नळ्या प्रत्येक वाफ्यावर, ३० सेंटिमीटरवर तोटी असलेल्या. मिरची दोन ओळींत नागमोडी, ओळींत ५० आणि रोपांत ४५ सेंटिमीटर. सोळा वाफ्यांवर सुमारे २,२५० रोपं बसतील. तांबडी माती खत धरून ठेवत नाही, स्फुरदही बांधून टाकते, तेव्हा खत थोडं थोडं पण वारंवार द्यावं लागेल. खतांचं वेळापत्रक माती-पाण्याचे आकडे बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, तपासणीचे कागद आले की इथेच टाका.

रोपं आणायच्या आदल्या आठवड्यात एवढं करा. तीन-चार वाफ्यांत मधोमध फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, उतरू द्या आणि लगेच पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाभरात उतरलं तर रोपं आणा. नाही उतरलं तर नर्सरीला पुन्हा फोन करा आणि आधी चर तपासा.