खेळणी जातात कुठे?

माझी मुलगी पावणेदोन वर्षांची. संध्याकाळपर्यंत ठोकळे, गाड्या, भातुकली घरभर. आवरता आवरता कंबर मोडते आणि तरी रोज एखादी वस्तू सापडतच नाही. – एक आई, जुळे सोलापूर

या वयाच्या लेकराला खेळण्याशी खेळण्यापेक्षा ते इकडचं तिकडे नेण्यात जास्त रस. भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. म्हणून शोधताना बूट, वॉशिंग मशीनचा ड्रम, धान्याचा डबा आधी बघा. आमच्या बालवाडीची चावी तीन दिवसांनी ज्वारीच्या पिंपात सापडली होती! पाण्याच्या पिंपाला मात्र घट्ट झाकण हवंच. आपल्याकडे पाणी साठवल्याशिवाय भागत नाही, आणि पडलेली गाडी काढायला लेकरू वाकतंच.

आता उपाय. घरात एखादी जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सोलापुरी चादर असेलच. ती अंथरा; खेळणी तिच्यावरच काढायची. झोपायच्या आधी चारही टोकं धरून उचला, झालं गाठोडं. मुलगीही एक टोक ओढेल, तिला ओढू द्या. चादर जाड असते, त्यामुळे ठोकळे आपटल्याचा आवाजही खालच्या मजल्यावर कमी जातो.

पण गाठोडं आटोपशीर हवं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना एकदा चार खेळणी दिली, एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली, त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. तुम्ही सहा-सात ठेवा, बाकीची खोक्यात घालून माळ्यावर. नळाला पाणी येईल त्या दिवशी अदलाबदल करा. तो दिवस सोलापुरात कुणी विसरत नाही.

थोरला नातू पाच वर्षांचा, धाकटा दीड. थोरल्याचे बारीक तुकडे धाकट्याच्या तोंडात जातात. गड्ड्याच्या जत्रेतून दिव्याची भिंगरीही आणली आहे. – आजोबा, पूर्व भाग

आजोबा, आधी ती भिंगरी हातात घ्या. आत बटणासारखा चपटा सेल असेल आणि त्याचं झाकण स्क्रूने बंद नसेल, तर ती आजच घरातून काढा. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, शौचाची वाट बघत बसू नका. थेट दवाखाना गाठा आणि एक्स-रे काढायला सांगा. लोहचुंबकाच्या गोळ्यांचंही तसंच. दोन गोळ्या आतड्यात एकमेकींना चिकटल्या की मधलं आतडं चेपतं.

बाकी तुकड्यांसाठी जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी सापडली तर बघा. जे तिच्यात मावेल, ते तीन वर्षांखालच्या लेकराला द्यायचं नाही. थोरल्याचा बारीक पसारा टेबलावर, तोही धाकटा झोपल्यावर. तुकडे मोजून काढायचे, मोजून ठेवायचे. पाच वर्षांच्या मुलाला हे मोजणं आवडतं, त्यालाच मुकादम करा. आणि नवीन खेळणं घेताना आयएसआय शिक्का बघा. १ जानेवारी २०२१ पासून तो आपल्याकडे सक्तीचा आहे.

चार जिगसॉ, सगळ्यांचे तुकडे एकत्र झालेत. – एक बाबा, होटगी रोड

एकदा बसून चारही जुळवा. मग पहिल्याच्या प्रत्येक तुकड्यामागे १, दुसऱ्याच्या २, असं पेनाने लिहून टाका. खोके फाटले असतील तर नाडीच्या पिशव्या शिवून घ्या. एखादा तुकडा कायमचा गेला असेल तर पुठ्ठ्याचा कापून बसवा, मुलांचं काही अडत नाही.

पाहुण्यांची मुलं जाताना आमची खेळणी घेऊन जातात. नणंदेला सांगायचं कसं? – नाव नको

सांगू नका. ती यायच्या आधी लाडकी बाहुली कपाटात ठेवा आणि चादरीवर गेली तरी चालतील अशीच खेळणी मांडा.